तीन सोनोग्राफ्या वरून, एक आतून

माझी फाइल म्हणजे कृषी केंद्रातून बियाण्यासोबत मिळालेली एक पिशवी आहे, त्यावर कपाशीचं बोंड छापलंय, अन् त्यात २०१३ पासूनचे माझे सगळे कागद कोंबलेत. रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, अन् सोनोग्राफीचे ते काळे गुळगुळीत फोटो, जे ना मला कळायचे ना घरात कोणाला. तीन सोनोग्राफ्या पोटावरून झाल्या. त्यातल्या दोन नॉर्मल, तिसऱ्यात एक "साधी गाठ". चौथी २०२५ च्या जानेवारीत नागपूरला आतून झाली आणि तेव्हा कुठे कळलं की मला एंडोमेट्रिओसिस आहे. म्हणजे जी अस्तराची पेशी गर्भपिशवीच्या आत असायला पाहिजे तशीच पेशी गर्भपिशवीच्या बाहेर, अंडाशयावर, आतड्यावर चिकटून बसलीय अन् दर महिन्याला तिथे सूज येते.

मी यवतमाळ जिल्ह्यात राहते, तालुक्यापासून १४ किलोमीटरवर गाव आहे आमचं. ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं सेंटर चालवते, पीकविमा, रेशनकार्ड, लाडकी बहीण, सगळं. दिवसभर लोकांचे कागद बघते, एखादा रकाना रिकामा राहिला की फॉर्म परत येतो हे मला पाठ आहे, पण स्वतःच्या रिपोर्टमध्ये काय लिहायचं राहून गेलं हे मात्र बारा वर्षं कळलं नाही.

पोट दुखायला लागलं नववीत. म्हणजे पाळीत सगळ्यांचंच दुखते, पण मी शाळेत बेंचवर आडवी व्हायची, उलट्या व्हायच्या, दोन दिवस घरी. माय विटेचा तुकडा चुलीत गरम करून फडक्यात गुंडाळून द्यायची, ओव्याचा काढा द्यायची, आणि म्हणायची, "बाईच्या जातीले हे असतेच व माय, लग्न झालं की कमी होते." लग्न झाल्यावर सगळे म्हणाले लेकरू झालं की कमी होते. लेकरू झालं. २०१७ ची मुलगी आहे मला. तिला अंगावर पाजत होते तोवर पाळीच आली नाही, त्यामुळे दीड वर्षं एकदम मस्त गेलं, सगळ्यांना वाटलं की बघा सांगितलं होतं ना. अन् मग पाळी सुरू झाली तशी पहिल्यापेक्षा दुप्पट होऊन परत आलं. आता पुढचं काय सांगायचं हे कोणालाच सुचलं नाही, तर म्हणाले दुसरं होऊ दे.

पहिली सोनोग्राफी २०१३ ची, मी १९ वर्षांची, लग्न व्हायचं होतं. बाबा मोटरसायकलवर तालुक्याला घेऊन गेले. तिथे सोनोग्राफीवाले डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस यायचे, बाकी दिवस मशीन झाकून. पाणी प्या म्हणाले, लघवी रोखून धरा, ब्लॅडर फुल झालं की सांगा. मी दीड लिटर पाणी पिऊन बसले अन् माझ्या आधी अकरा बाया, सगळ्या पोटुशा. बाजूची एक बाई एकदम प्रेमानं म्हणते, "कितवा लागला बाई?" मी काय सांगू! बाबा समोर भिंतीवरचा "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" हा बोर्ड असे वाचत होते जसा परीक्षेला येणार आहे. मध्येच लाइन गेली, जनरेटर सुरू होईपर्यंत वीस मिनिटं, अन् माझं ब्लॅडर फुटायला आलेलं. आत नंबर लागल्यावर थंड जेल, तीन मिनिटं, "पुसून घ्या". रिपोर्टमध्ये सगळं नॉर्मल.

मी त्या डॉक्टरला दोष देत नाही बरं का. चिठ्ठीवर फक्त "पोटदुखी" लिहिलं होतं. पोटावरून जे दिसते ते त्यांनी बघितलं, पिशवीचा साइज, अंडाशय, किडनी, खडे आहेत का, अपेंडिक्स आहे का. माझा राग आहे तो नंतरच्या वाक्यावर. कागद बघून आमच्या डॉक्टरनी बाबांना सांगितलं, "काही नाही हो, पोरगी नाजूक आहे." नाजूक! मी तेव्हा सुट्टीच्या दिवशी दिवसाला पंचवीस-तीस किलो कापूस वेचायची.

दुसरी २०२० ची, लॉकडाऊन थोडा ढिला झाला तेव्हा. ती पण नॉर्मल. तिसरी २०२३ ची. तोपर्यंत दुखणं नुसतं पाळीचं राहिलं नव्हतं. पाळीच्या दोन-तीन दिवसांत संडासला बसलं की खालून सुरी घातल्यासारखं व्हायचं, मी बाथरूमच्या नळाला धरून बसायची. आणि दुसरं जे आहे ते लिहायला पण अवघड वाटते पण लिहून टाकते, नवऱ्याजवळ जायची भीती वाटायला लागली होती, कारण आत खोल कुठेतरी काहीतरी ठेचल्यासारखं दुखायचं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत राहायचं. तो बिचारा समजून घ्यायचा पण त्याला वाटायचं की मला तो आवडत नाही. यावर आम्ही कधी बोललोच नाही. कोण बोलते?

तर तिसऱ्या वेळी डाव्या बाजूला तीन सेंटिमीटरची गाठ निघाली. रिपोर्टमध्ये लिहिलं की हेमरेजिक सिस्ट असू शकते, म्हणजे रक्त साचलेली साधी गाठ, सहा ते आठ आठवड्यांनी परत सोनोग्राफी करा. आता हे "परत करा" जे होतं ना, तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं हे मला नंतर कळलं. साधी रक्ताची गाठ असेल तर ती दीड-दोन महिन्यांत आपोआप जिरते, अन् एंडोमेट्रिओसिसवाली असेल तर तिथेच बसून राहते. पण सोबत डॉक्टरनी सीए-१२५ नावाची रक्ताची टेस्ट लिहून दिली, ती आली ५८, कागदावर लिहिलेलं ३५ च्या आत पाहिजे. मी मोबाइलवर शोधलं तर कॅन्सर, कॅन्सर, कॅन्सर. चार रात्री झोपले नाही. मुलीच्या नावानं सुकन्या समृद्धी खातं आहे त्याचं पासबुक कुठे ठेवलंय ते नवऱ्याला दाखवून ठेवलं, इथपर्यंत. मग दुसऱ्या डॉक्टरनी सांगितलं की ही टेस्ट पाळीत पण वाढते, इन्फेक्शनमध्ये पण वाढते, एंडोमेट्रिओसिसमध्ये पण बऱ्याचदा वाढते, एवढ्याशा आकड्यावर कॅन्सर पण म्हणता येत नाही अन् निदान पण होत नाही. कॅन्सर नाही म्हटल्यावर मला इतकं हायसं वाटलं की गाठीची दुसरी सोनोग्राफी करायची राहूनच गेली. सोयाबीन काढणीवर आलं होतं, मग तूर, मग मुलीची शाळा. अंगावर काढणं म्हणतात ते हेच.

२०२४ च्या दिवाळीनंतर वेचणीच्या टायमाला एक दिवस मी वावरात पराटीतच बसले. उठताच येईना. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओटीतला कापूस खाली टाकून आल्या, मला धरून धुऱ्यावर आणलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या मला "नाटक" नाही म्हणाल्या. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाल्या, "तिले यवतमाळले दाखव. इथच्यानं नाही होत."

यवतमाळच्या बाई डॉक्टरनी मशीनला हातच लावला नाही आधी. पिशवीतले सगळे कागद टेबलावर पसरवले, तारखेनं लावले, आणि प्रश्न विचारले. पाळीत संडासला दुखते का? लघवीला? संबंधाच्या वेळी खोल दुखते का? पाळी नसताना पण दुखते का? मायला, बहिणीला होतं का? एकेक प्रश्नाला मी हो म्हणत गेले अन् नवरा बाजूला बसलेला, खाली मान घालून. तिसऱ्या प्रश्नाला हो म्हटलं तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं. बस एवढंच. बाहेर आल्यावर म्हणाला, "सांगायचं नं मग." मी म्हटलं, "विचारलं कोणी?"

बाईंनी सांगितलं की पोटावरची सोनोग्राफी पुष्कळ झाल्या, आता आतून करायची, टीव्हीएस म्हणतात तिला, ट्रान्सव्हजायनल, म्हणजे योनीमार्गातून. पण ती पण नुसती नाही, एंडोमेट्रिओसिस शोधायची सवय असलेल्या डॉक्टरकडूनच, म्हणून नागपूरचा एक पत्ता दिला, धंतोलीतला. चिठ्ठीवर यावेळी "पोटदुखी" नाही लिहिलं. काय काय बघायचं, कुठे कुठे बघायचं, असं पाच-सहा ओळी लिहिलं. मला फॉर्म भरायची सवय म्हणून हे लगेच लक्षात आलं, प्रश्नच बरोबर विचारला नाही तर उत्तर नॉर्मलच येणार ना.

नागपूरला फोन केला तर ती मुलगी म्हणते, आदल्या रात्री पोट साफ व्हायचं औषध घेऊन या, आतडं रिकामं असलं तर नीट दिसते. सगळीकडे हे सांगत नाहीत म्हणे, पण माझं संडासचं दुखणं होतं म्हणून. आता विचार करा, गावातून सकाळी सहाला निघायचं, यवतमाळवरून कळंब, वर्धा करत एस्टीनं दीडशे किलोमीटर, आणि आदल्या रात्री जुलाबाचं औषध! मी म्हटलं एस्टीत काय पाटी लावून बसू का. शेवटी एक दिवस आधीच नागपूरला नणंदेकडे गेलो. बायांना हाफ तिकीट झालंय २०२३ पासून, ते बरं झालं, आत्याबाई पण सोबत आल्या, "हाफच त हाय" म्हणून. रात्री नणंदेनं वरणफळं केली होती, माझी आवडती, सगळे खात होते अन् मी पाण्यात पावडर कालवून पीत होते. रात्रभर नणंदेच्या त्या एकाच संडासावर माझा कब्जा, तिचे मिस्टर सकाळी बाजूच्या घरी गेले. त्यांच्यासमोर अजून मान वर करता येत नाही मला.

सकाळी अकराची वेळ होती, नंबर लागला एकला. तेवढ्यात बाकावर बसलेल्या बायांशी गप्पा झाल्या, अन् खरं सांगते, अर्धं शिक्षण तिथेच झालं. हिंगणघाटकडची एक ताई होती, शाळेत शिकवणारी. तिची आतून केलेली सोनोग्राफी पण नॉर्मलच आली होती, तरी दुखतच राहिलं, शेवटी दुर्बिणीनं बघितलं तर पोटाच्या आतल्या पडद्यावर बारीक बारीक डाग सापडले. ते वरवरचे डाग सोनोग्राफीत दिसतच नाहीत, एमआरआयमध्ये पण बऱ्याचदा सुटतात. ती म्हणे, "दोन वर्षं लोक मला म्हणत होते मशीन खोटं बोलते का? मशीन खोटं नाही बोलत, पण मशीनला दिसते तेवढंच दिसते ना." ती आता तपासणीला आली होती. दुसरी एक पोरगी चंद्रपूरकडची, कॉलेजातली, आईसोबत. आई सारखी पदर सावरत होती, तिला भीती की आतून करतील, लग्न व्हायचंय पोरीचं. तिथल्या नर्सनं तिला बाजूला घेऊन समजावलं की लग्न न झालेल्या मुलीची आतून करत नाही, पोटावरून करू, आणि लागलंच तर मागच्या वाटेनं होते किंवा एमआरआय, आणि काही केलं तरी विचारूनच. आईचा चेहरा तेव्हा सैल झाला. माझ्या मनात आलं, १९ व्या वर्षी माझ्या बाबांना हे कोणी समजावून सांगितलं असतं तर?

माझा नंबर आला. पहिलीच गोष्ट, लघवी करून या. बारा वर्षं पाणी पी, रोखून धर, अन् इथे उलटं! वरच्या सोनोग्राफीत भरलेलं ब्लॅडर लागते, आतूनच्यात रिकामं. डॉक्टर बाईच होत्या, सोबत एक मावशी. नवऱ्याला विचारलं आत यायचं का, तर तो माझ्याकडे बघायला लागला, मी म्हटलं बाहेर थांबा, आत्याबाईंना येऊ द्या. का म्हटलं माहीत नाही. सासू आत! नंतर नणंद हसली मला, पण तेव्हा असं वाटलं की यांनी बघावं.

सलवार काढून, चादर अंगावर, पाय वाकवून झोपायचं. तो प्रोब म्हणजे लांब दांड्यासारखा, त्यावर कंडोम घालतात आणि जेल लावतात, मी घाबरून किती जाडा आहे ते बघत होते तर डॉक्टर म्हणाल्या, दोन बोटांएवढा, आणि तुम्ही थांबा म्हटलं की मी थांबणार. एकदा थांब म्हटलं मी. थांबल्या खरंच.

मग जे झालं ते नीट सांगते, कारण मला वाटलं होतं सोनोग्राफी म्हणजे फोटो काढणं. तसं नव्हतं. त्या प्रोबनं आत एका जागी हलकं दाबायच्या अन् विचारायच्या, "इथे?" "नाही." "इथे?" "थोडं." मग डाव्या बाजूला पिशवीच्या मागे कुठेतरी टोक टेकवलं अन् मी कॉटवरून उसळलेच. त्या थांबल्या. म्हणाल्या, "नुसतं दुखलं का ताई, की हे तेच आहे, तुमचं रोजचं?" आणि ते तेच होतं. अगदी तेच. संडासात नळ धरून बसते तेव्हाचं, वावरातलं, रात्रीचं, तेच. इतकी वर्षं मी हात फिरवून सांगायची की इकडे कुठेतरी, खोल, कसं सांगू, आणि या बाईनं त्याच्यावर बोट ठेवलं. मला रडू आलं, म्हणजे दुखलं म्हणून नाही. आत्याबाई डोक्याशी उभ्या होत्या, त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला, तो हात कापसानं फाटलेला खरबरीत, तसाच ठेवून राहिल्या.

मग स्क्रीन माझ्याकडे फिरवला. डाव्या अंडाशयात गाठ, ४.२ सेंटिमीटर. साधी रक्ताची गाठ असली की आत जाळीजाळी दिसते म्हणे, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि ही एकसारखी करडी, घासलेल्या काचेसारखी. मला तर पहाटे धुई पडल्यावर वावर दिसते तसं वाटलं, सगळं आहे पण काहीच वेगळं दिसत नाही. हिला चॉकलेट सिस्ट म्हणतात, आत जुनं घट्ट रक्त साचून चॉकलेटसारखं होते म्हणून. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन सॅम्प्सन नावाच्या डॉक्टरनी हे नाव वापरून लिहिलं होतं, शंभर वर्षं झाली. माझ्या मुलीला कोणीतरी सांगितलं की मम्मीच्या पोटात चॉकलेट आहे, तर ती विचारते, "तू एकटीच कावून खाल्लं?"

पण डॉक्टर म्हणाल्या गाठीपेक्षा पुढचं बघा. एका हातानं प्रोब आत, दुसऱ्या हातानं वरून पोट दाबलं आणि पिशवी हलवली. निरोगी असेल तर पिशवी आणि मागचं आतडं एकमेकांवरून सरकतात, ते सरळ डोळ्यानं दिसते स्क्रीनवर, त्याला स्लायडिंग साइन म्हणतात. माझं वरच्या बाजूला थोडं सरकलं अन् खाली नाही. पिशवी हलली तर आतडं पण सोबतच हललं. धिरडं तव्याला धरलं की उलथनं घातल्यावर कसं सगळंच ओढल्या जाते, डिट्टो तसं. आत्याबाईंनी पण बघितलं, त्या मागून म्हणाल्या, "चिपकलं हाय व ते." डॉक्टर हसल्या, म्हणाल्या, "आजी बरोबर बोलल्या, मी रिपोर्टमध्ये हेच लिहिणार आहे." पिशवीला मागून धरून ठेवणारा जो दोरासारखा भाग असतो त्याच्यावर डाव्या बाजूला ९ मिलिमीटरची गुठळी, आणि आतड्याच्या भिंतीवर एक १४ मिलिमीटरची. म्हणून संडासला दुखायचं. शेवटी पालथं-सुलटं करून पोटावरून किडन्या पण बघितल्या, कारण हा आजार लघवीच्या नळीला आवळू शकतो आणि किडनी न दुखता सुजत जाते. त्या ठीक होत्या. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागले. मागच्या तिन्ही मिळून दहा मिनिटं झाली असतील का, शंका आहे.

हे असं क्रमानं बघायचं, आधी पिशवी आणि अंडाशय, मग दाबून कुठे दुखते आणि अंडाशय हलते का, मग सरकते का, मग गुठळ्या, हे काही त्या डॉक्टरची जादू नव्हती. घरी आल्यावर रात्री सेंटरच्या कॉम्प्युटरवर वाचलं, २०१६ मध्येच देशोदेशीच्या तज्ज्ञांनी मिळून या चार पायऱ्या ठरवल्यात. आणि पूर्वी म्हणायचे की दुर्बीण घालून बघितल्याशिवाय एंडोमेट्रिओसिस म्हणताच येत नाही, तर २०२२ मध्ये युरोपातल्या डॉक्टरांच्या संस्थेनं ते बदललं, सोनोग्राफी किंवा एमआरआयवर निदान करून इलाज सुरू करू शकता, पण त्यात काही दिसलं नाही म्हणजे आजार नाहीच असं समजायचं नाही, असं पण लिहिलंय. हिंगणघाटच्या ताईचं तेच झालं होतं ना. जगात पाळी येणाऱ्या वयाच्या दर दहा बायांमागे एकीला हे असते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या गावात माझ्या सेंटरवर दिवसाला तीस-चाळीस बाया येतात. मी आता फॉर्म भरता भरता मोजते मनात, काय करू, सवय लागली.

पैशाचं पण सांगते कारण सगळे विचारतात. या सोनोग्राफीचे अडीच हजार लागले, तालुक्याला आठशे लागले होते. महाग आहेच. पण आठशे आठशे करत तीनदा दिले, वर पेट्रोल अन् मजुरी बुडाली ती वेगळी.

त्यानंतर यवतमाळच्या बाईंनी डायनोजेस्ट नावाची हार्मोनची गोळी चालू केली, २ मिलिग्रॅमची, रोज एक, एकाच टायमाला. ऑपरेशन लगेच नको म्हणाल्या, आतड्याचं काम आहे, आणि गाठ काढताना अंडाशयातला चांगला भाग पण जातो, दुसरं लेकरू पाहिजे की नाही ते ठरवा आधी. पहिले तीन महिने त्या गोळीनं वैताग आणला. रोज थोडं थोडं लाल, कधीच धड पाळी नाही अन् कधीच धड कोरडं नाही, वर चिडचिड, मी गिऱ्हाइकावर पण ओरडले एकदा, पीकविम्याचा सातबारा उलटा स्कॅन करून आणला म्हणून. चौथ्या महिन्यापासून बसलं सगळं. आता पाळी येतच नाही, संडासचं दुखणं रुपयातलं बारा आणे कमी आहे. पाळी येत नाही म्हणून शेजारची काकू म्हणते अंगात घाण साचते. साचत नाही काकू, अस्तरच बनत नाही तर साचणार काय, हे तिला तीनदा सांगून झालं.

जुलैत परत नागपूर. यावेळी जुलाबाचं औषध नाही दिलं, तेवढी दया. तीच डॉक्टर, तीच मावशी. गाठ ४.२ ची ३.१ झाली. आतड्यावरची तेवढीच. दाबल्यावर दुखलं, पण उसळले नाही. मी स्वतःच म्हटलं, ते सरकते का ते दाखवा ना. त्यांनी दाबून दाखवलं. नाही सरकलं. गोळीनं सूज कमी होते, चिकटलेलं सुटत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं, मला ते सरळ सांगणं आवडलं.

त्या वेळी आत्याबाई आल्या नव्हत्या, गुडघे. मी घरी आले तर त्या ओसरीत मुगाच्या शेंगा सोलत बसलेल्या, मला म्हणाल्या बस. मी पण सोलायला लागले. बराच वेळ काही बोलल्या नाही. मग म्हणतात, "माही पिशवी काढली तवा मी चौतीस वर्साची होती. दर महिन्याले असंच व्हये मले, संडासले जाता येये नाही. डाक्टर म्हने पिशवी खराब हाय, काढून टाका. कायनं खराब, थे काही सांगलं नाही." मला माहीत होतं त्यांचं ऑपरेशन झालेलं, आमच्याकडे त्या वयाच्या निम्म्या बायांचं झालेलं आहे, कोणी कधी विचारतच नाही कशाचं. मी म्हटलं, "कागद आहेत का तेव्हाचे?" तर म्हणे, "कागद कुठचे? घर गळे तवा. भिजले."

मग शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "त्या बाईच्या मशीनमदी माहं दिसन का आता, काय होतं म्हून?"

मी म्हटलं, "पिशवी नाही ना आत्याबाई. तेव्हा काय होतं ते आता नाही सांगता येणार."

"हाओ," म्हणाल्या. "तरी विचारून पाय एकदा." आणि माझी ती कपाशीच्या बोंडाची पिशवी मागितली, नवा फोटो काढला, उन्हात धरून खूप वेळ बघत बसल्या.

डिसेंबरमध्ये पुढची तारीख आहे. वेचणीचा टाइम आहे, पण त्यांनी नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवलंय की त्या दिवशी मजूर लावजो, आम्ही दोघी नागपूरले जाऊन राह्यलो.